कॅलिपरला दिलेला धक्का

कारखान्याचा विषय निघाला की मी आजवर उठून बाहेर जात आलो. घरच्यांना वाटतं, मला जुन्या गोष्टींचा कंटाळा आहे.

महाराज राधानगरीला धरण बांधत होते, तेव्हाची ही गोष्ट. कोल्हापुरात उसाचे चरक आणि इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात मी लेथवर होतो. आमचे मिस्त्री मुसलमान, बोलायला तिखट. जुन्या करवतीच्या पात्यातून त्यांनी स्वतः कॅलिपर घडवला होता. दोन वाकडे पाय, वर एक रिबीट, आकडे नाहीत. गिऱ्हाइकाच्या गावी जाऊन जुन्या शाफ्टचं माप त्या पायांत धरायचं आणि जराही न हलवता कारखान्यात आणायचं.

मीही तसा एक केला. मिस्त्रींनी सगळ्यांसमोर तो एका पायानं उचलला. रिबीट सैल होतं, दुसरा पाय लटकन खाली आला.

"ह्यो कॅलिपर न्हाय, चिमटा हाय. आईला दे, भाकरी शेकायला."

सगळा कारखाना हसला.

पुढच्या शुक्रवारी ते एका चरकाचं माप घेऊन आले आणि कॅलिपर कपड्यात गुंडाळून नमाजाला गेले. मी कपडा सोडला. कॅलिपरचा एक पाय शेगड्यावर, म्हणजे काम आवळून धरायच्या लोखंडी पकडीवर, हलकेच आपटला आणि परत गुंडाळून ठेवला.

त्या मापानं मिस्त्रींनी शाफ्ट कातला. तो बारीक झाला. मुंबईहून आणलेलं पोलाद वाया गेलं, आणि हंगाम तोंडावर होता. मालकानं मशीनच्या पट्ट्याचा तुकडा उचलला. मिस्त्रींच्या पाठीवरचा सदरा फाटला, रक्त उतरलं. मिस्त्री एकच सांगत राहिले, माप बरोबर आणलं होतं, कुणीतरी हात लावलाय. मालकानं आम्हाला विचारलं. मी लेथवरचा कीस झाडत राहिलो.

मग मालकानं कॅलिपर ऐरणीवर टाकला आणि हातोडा उगारला. तो वाचवायला मिस्त्रींनी हात घातला. हातोडा थांबला नाही. हाडं फुटल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला.

त्या हातानं त्यांनी पुन्हा काम केलं नाही. हुपरीला लेकीकडे राहायला गेले. कित्येक वर्षांनी मी तिथं गेलो. त्यांनी मला ओळखलं, डाव्या हातानं पाट सरकवला, चहा मागवला. मी पाऊसपाण्याचं बोललो, नातवाचं विचारलं आणि उठलो. पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं.

मला एवढंच म्हणायचं होतं: मिस्त्री, तुमचं माप बरोबर होतं. ते मी हलवलं. मला माफ करा.