कृष्णाबाईच्या गाडीचा तळ

पनवेलच्या मासळी बाजारात कृष्णाबाई गाडीने यायची. आता गाडीने येणाऱ्या कोळणी दुसऱ्याही होत्या, पण त्या टेम्पोत मागे बसून. कृष्णाबाई अँबॅसडरमधून यायची, आणि ती अँबॅसडर स्वतः चालवायची. नऊवारीचा काष्टा घट्ट, केसांत अबोलीचा गजरा, कोपर खिडकीबाहेर. बाजाराच्या तोंडाशी गाडी थांबली की आधी वास उतरायचा, मग कृष्णाबाई, मग टोपल्या.

गाडी मूळची पनवेलच्या एका डॉक्टरांची. सत्त्याहत्तर सालची, दुधी रंगाची. कृष्णाबाई वीस वर्षं त्यांच्या दारात पापलेट देत होती. डॉक्टरांचे डोळे अधू झाले, मुलं परदेशी गेली, तेव्हा ते म्हणाले, "भंगारवाल्याच्या हाती गाडी द्यायला जीव होत नाही गं." कृष्णाबाईने टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "मग मना द्या." डॉक्टर हसले. ती हसली नाही. चार दिवसांनी ती खरंच गाडी न्यायला आली, तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं की बाई चेष्टा करत नव्हती. लष्करातून निवृत्त झालेल्या गावातल्या एका ड्रायव्हरकडून तिने पंधरा दिवसांत गाडी शिकून घेतली, रीतसर लायसन काढलं, मागची सीट काढून टाकली आणि त्या जागी टोपल्या रचल्या. हा सगळा प्रकार झाला तेव्हा ती पंचेचाळिशीची होती.

त्यानंतर आठ वर्षं गाडी रोज धावली. जासईच्या पलीकडच्या खाडीकाठावरून पहाटे निघायची, कंटेनरच्या लांबलचक ट्रेलरांच्या मधून वाट काढत पनवेल गाठायची. ट्रेलरवाले कुणाला बाजू देत नसत, पण कृष्णाबाईला देत. तिला तो आपला मान वाटायचा. ट्रेलरवाल्यांचं म्हणणं वेगळं होतं. वारा आपल्याकडे असला तर ही गाडी लवकर पुढे गेलेली बरी, असं ते म्हणत.

दोन हजार अकराच्या फेब्रुवारीत एका सकाळी ते घडलं. मागे टोपल्यांशेजारी उपड्या क्रेटवर सखूबाई बसली होती. सखूबाई म्हणजे कृष्णाबाईची शेजारीण, तिचाही बाजारात ओटा होता. गव्हाण फाटा ओलांडला आणि सखूबाई एकदम किंचाळली.

"किस्ने! माजा पाय रस्त्याला लागतंय!"

"पाय वर घे मग," कृष्णाबाई समोर बघतच म्हणाली. तिला वाटलं, सखू नेहमीसारखी नखरे करतेय.

"अगं वर घेतला, पन चप्पल गेली ना!"

तेवढ्यात एक मोटरसायकलवाला गाडीच्या बरोबरीने आला आणि ओरडला, "मावशी, बोंबील पडतायत!"

कृष्णाबाईने आरशात पाहिलं. मागे रस्त्यावर बोंबलांची एक ओळ लागली होती, हळदीकुंकवाला रांगोळी घालावी तशी सरळ, आणि त्या ओळीच्या शेवटी तीन कुत्री धावत येत होती. गाडीच्या तळाला टोपलीएवढं भोक पडलं होतं. आठ वर्षं बर्फाचं खारट पाणी पत्र्यावर झिरपत होतं. त्या पत्र्याने निमूटपणे जेवढं सोसायचं तेवढं सोसलं होतं.

त्या दिवशी माल कसाबसा विकून ती गाडी घेऊन गोरखकडे गेली. गोरखचं गॅरेज पनवेलातच, गावाबाहेरच्या जुन्या रस्त्याला. जुन्या गाड्यांत त्याचा हात चांगला. माणूस जुन्नरकडचा, गळ्यात तुळशीची माळ, अंड्यालाही न शिवणारा. गाडी आत येताच त्याने रुमाल नाकाला लावला आणि तो तसाच धरून त्याने गाडीखाली बॅटरी मारून पाहिली. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मयतीला आल्यासारखा होता.

"मावशी, हे काही राहिलं नाही. पत्रा नुसता पापड झालाय."

"मग नवा पत्रा मार."

"तसं नसतं. या गाडीला वेगळी चासी नाही. तळ हाच तिचा कणा. आख्खा तळ कापून नवा बसवायचा म्हणजे महिन्याचं काम. त्यापेक्षा भंगारात द्या आणि एखादा छोटा हत्ती घ्या. टेम्पो. मासळीसाठीच असतो तो."

कृष्णाबाई गाडीच्या बॉनेटला टेकून उभी राहिली. 

"गोरख, ही गाडी नव्हती तवा मी सहासीटरने यायची," ती म्हणाली. "एक दिवस त्या सहासीटरवाल्याने मना मदीच उतरवली. उन्हात, टोपली घेऊन. बाकीची मानसं नाकाला फडकी लावून बसलेली. मी काय बोलणार? वास तर येतच व्हता. पन तवापासून मी ठरवलं. या गाडीत मना कोनी 'उतर' बोलत नाय. टेम्पोत मागं बसून मी काय येनार नाय."

गोरखने नाकाचा रुमाल हळूच खाली घेतला आणि खिशात घातला. मग जरा लाजल्यासारखा म्हणाला, "करू आपण. पण आधी गाडी धुऊन आणा. असल्या वासात मला गॅस कटर धरता येणार नाही."

कृष्णाबाईने गाडी धुतली. नुसती नाही धुतली. दोन शेकडा लिंबं, चिंच, खायचा सोडा आणि शेवटी नारळाच्या किशीने खसाखसा घासून. चार दिवसांनी गाडी परत आली. गोरखने दार उघडलं, आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"काय झालं?"

"आधी नुसता मासा होता," गोरख म्हणाला. "आता मसाला लावलेला मासा झालाय."

शेवटी त्यानेच माघार घेतली. नाकात तुळशीची दोन पानं कोंबून त्याने काम सुरू केलं. सीटा काढल्या, चटया खरवडल्या, गाडीच्या चार टोकांना जॅक लावले.

कृष्णाबाई बाजार आटोपला की रोज दुपारी यायची. एका जुन्या टायरवर बसायची आणि बघत राहायची. गोरखला कामाच्या वेळी कुणी बघत बसलेलं खपत नसे. त्यात ही बाई नुसती बघायची नाही.

"सगळा तळ एकदम कापशील?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"अर्धा अर्धा. आधी डावीकडचा."

"मदी टेकू नाय लावलंस?"

"चार जॅक आहेत ना."

"ते टोकांना. पोटाला काय हाय?" ती म्हणाली. "माजा बापूस होड्या बांधायचा. होडी किनाऱ्यावर घेतली की दोन्ही अंगांनी टेकू, पोटाखाली टेकू, आनि फळी काढायची ती एक. ती बसवली की दुसरी. सगळ्या एकदम काढल्यास तर होडी पसरते."

"मावशी, ही होडी नाही. लोखंड आहे," गोरख म्हणाला. त्याच्या हाताखालून पंचवीस वर्षांत शेकड्यांनी गाड्या गेल्या होत्या, आणि त्यातली एकही पाण्यावर चालणारी नव्हती. त्याने गॅस कटर पेटवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कृष्णाबाई आली तेव्हा डावा तळ पूर्ण कापलेला होता. गोरख समाधानाने चहा पीत होता. ती टायरवर बसली नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली, डावीकडच्या मागच्या दाराशी थांबली आणि म्हणाली, "गोरख, हे दार बंद कर बगू."

गोरखने दार लोटलं. दार चौकटीला आपटून परत आलं. त्याने उचलून लोटलं, खांदा लावून लोटलं. बोटभर फट राहिली ती राहिलीच. चहा तसाच ठेवून तो खाली वाकला, दाराखालच्या उंबऱ्याच्या पत्र्यावर हात फिरवला, उभा राहिला, पुन्हा वाकला. गाडी मधोमध खाली बसली होती.

त्याला कुणीतरी काहीतरी बोलावं असं वाटत होतं, म्हणजे उलट बोलता आलं असतं.  कृष्णाबाईने मात्र पदराने टायर पुसला आणि ती त्यावर बसली.  अर्ध्या तासाने शेवटी गोरखच म्हणाला, "होडी पसरली तर तुमचे वडील काय करायचे?"

"पसरूच नाय द्यायचे," ती म्हणाली. मग तिला त्याची दया आली असावी. "पन दुसऱ्याने पसरवलेली होडी यायची कदी कदी. ती कशी सरळ करायची ते मी बगलंय."

दुसऱ्या दिवशी ती येताना एका टेम्पोत मागे बसून आली. टेम्पोत मागे बसणार नाही, हे तिचं म्हणणं त्या दिवसापुरतं तिने बाजूला ठेवलं, कारण टेम्पोत होडीचे टेकू होते आणि ते दुसऱ्या कुणाच्या हवाली करायची तिची तयारी नव्हती. मांडीएवढे जाड सहा ओंडके आणि लाकडी पाचरींची एक गोणी. सगळं वर्षानुवर्षं किनाऱ्यावर राहून काळं पडलेलं. त्याला कसला वास येत होता हे सांगायला नको.

दोन दिवस ते काम चाललं. उंबऱ्याखाली ओंडके उभे केले, त्यांच्या डोक्यावर पाचरी. एक पाचर डावीकडून ठोकायची, एक उजवीकडून. गोरख घाई करायचा, दोन ठोके जास्त घालायचा, की कृष्णाबाई हात वर करायची. "थांब. आवाज ऐक. लाकूड ओरडलं की थांबायचं." गोरखला लाकूड ओरडताना ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्याने स्वतःहून हातोडा थांबवला. "आत्ता ओरडलं," तो म्हणाला. कृष्णाबाईने मान हलवली. त्याने जाऊन मागचं दार लोटलं. टक्क. डॉक्टरांच्या काळात लागायचं तसं दार लागलं.

पुढचं काम गोरखने निमूटपणे एकेका पट्टीने केलं. एक तुकडा कापायचा, त्या जागी नवा जाड पत्रा बसवायचा, वेल्डिंग करायचं, मग पुढचा. वर लाल ऑक्साइड, खालून डांबर. मागे टोपल्यांसाठी त्याने आपल्या अकलेने पत्र्याचा एक उथळ हौद केला आणि त्याला नळी लावून ती गाडीखाली सोडली, म्हणजे बर्फाचं पाणी थेट रस्त्यावर. कृष्णाबाईने नळी निरखून पाहिली. "हे बरं केलंस," ती म्हणाली. गोरख त्या तीन शब्दांवर आठवडाभर खूष होता.

गाडी न्यायच्या दिवशी गोरखची बायको माधुरी डबा घेऊन आली होती. ती दोघं विचुंब्याला राहत. नवऱ्याच्या कपड्यांना महिनाभर ज्या बाईच्या गाडीचा वास येत होता ती बाई एकदा बघावी, असा तिचा विचार होता. तिने कृष्णाबाईला स्टिअरिंगवर बसताना पाहिलं, गियर टाकताना पाहिलं, आणि डबा तिथेच ठेवून ती खिडकीशी गेली.

"मावशी, मला शिकवाल?"

गोरख मागून म्हणाला, "अगं, मी मेकॅनिक आहे. शिकायचं तर मी शिकवीन की."

"बारा वर्षं हेच सांगताय," माधुरी म्हणाली.

कृष्णाबाईने डावीकडचं दार आतून उघडून दिलं.

मग रविवार ठरले. विचुंब्याला नव्या इमारतींसाठी रुंद रस्ते आधीच होऊन पडले होते, इमारती अजून यायच्या होत्या. त्या मोकळ्या रस्त्यांवर अँबॅसडर आचके देत फिरू लागली. गोरख पहिल्या रविवारी रस्त्याच्या कडेने धावत क्लचबद्दल सूचना देत होता. दुसऱ्या रविवारी काचा वर होत्या. तिसऱ्या रविवारी माधुरीने सिमेंटच्या गोण्यांच्या थप्पीला मागून धक्का दिला. गोरख बंपर बघायला धावला, बायकोकडे नंतर वळला, आणि त्याबद्दल त्याला घरी बरंच ऐकावं लागलं.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा कृष्णाबाईला सवड होती. माधुरीचं लायसन हातात आलं त्याच आठवड्यात आपटा गावी तिच्या बहिणीकडे जायचं ठरलं. गाडी माधुरी चालवणार, शेजारी कृष्णाबाई. मागे सीट नव्हतीच. गोरखला हौदात बस म्हणाल्या, तर तो नको म्हणाला. मोटरसायकलवर पाना-पकडीची पिशवी बांधून मी मागोमाग येतो, म्हणजे वाटेत काही लागलं तर, असं त्याने जाहीर केलं.

वाटेत काहीच लागलं नाही. पाताळगंगा दुथडी वाहत होती, रस्ता ओला होता, आणि अर्ध्या वाटेत कृष्णाबाई चक्क झोपी गेली. माधुरीने तिला उठवलं नाही. आपट्यात शिरून तिने बहिणीच्या दारात गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि हात स्टिअरिंगवर ठेवून तशीच बसून राहिली.

बहीण आशालता ओल्या हातांनी बाहेर आली. तिने आधी डाव्या बाजूला पाहिलं, तिथे एक कोळीण घोरत होती. मग उजव्या बाजूला पाहिलं.

"तू?" ती म्हणाली. "आणि भावोजी कुठायत?"

"मागून येतायत," माधुरी म्हणाली. "पानेबिने घेऊन."