सिरका ओतणारा मास्टर

मैद्याच्या गोळ्यात बोट खुपसून मास्टर गोळ्याकडे बघायचा नाही, आम्हा बायांकडे बघायचा. "मर गया खमीर. बोलो, किसका टाइम चल रहा है?"

टाइम म्हणजे पाळी. पाळीतल्या बाईचा हात लागला की खमीर मरतं, हे त्याचं ज्ञान.

गोंदियाच्या स्टेशनाजवळच्या त्या बेकरीत आम्ही तिघी मैदा चाळायचो, मळायचो, पाव पुडक्यात भरायचो. मास्टर भट्टी सांभाळायचा. ते काम मात्र त्याला येत होतं, खोटं कशाला बोलू. भट्टीच्या तोंडाशी नुसता हात धरून पाव आत घालायची वेळ सांगायचा. बाकी सारं तोंडाचं काम. पाव फुगला तर जादू त्याची, नाही फुगला तर विटाळ आमचा.

उन्हाळ्यात आमच्याकडे पाव दुसऱ्याच दिवशी आतून चिकट होतो, तार सुटते. म्हणून मैद्यात सिरका, म्हणजे व्हिनेगर, घालतात. मास्टर खमीर साखरपाण्यात कालवायचा आणि त्याच मगात सिरक्याची बाटली उपडी करायचा. खमीर कसं बुडबुडे काढत वर येतं, तुम्ही पाहिलं असेल. सिरका पडला की फेस बसायचा. मगभर गढूळ पाणी, गप्प. सिरका थोडा असला तर खमीर दम धरायचं, तासाभराने एखादा बुडबुडा सोडायचं. जास्त झाला तर नाहीच. मी रोज बघत होते. मास्टर तेव्हा पान लावत असायचा.

एका एप्रिलमध्ये त्याने आमच्यातल्या शेवंताला कायमचं काढलं. "तेरी वजह से तीन बार माल गया."

"माये दिवस तं मागच्या हप्त्यातच होऊन गेले, मास्टर."

"झूठ मत बोल."

तिच्या घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन पोरी. डबा उचलताना ती माझ्याजवळ थांबली. "तू काऊन गप हायस व? तुले तं दिसते सारं."

दुसऱ्या दिवशी मास्टर उशिरा आला. तोवर मी सिरका मैद्यात नीट मळून घेतला, खमीर वेगळं फुलवलं आणि मागाहून घातलं. दुपारी गोळा पातेल्याबाहेर आला. बेकरीचे शेठ तिथेच उभे होते.

"देखा सेठ? वो गई, खमीर जी उठा!"

"आज माया दुसरा दिवस हाय," मी म्हणाले. मान खालीच होती. "अन् हे मीनंच मळलं. सिरका खमिरावर नाई ओतला."

मास्टर हात धुवायला गेला आणि कितीतरी वेळ धूत राहिला. मैद्याला तर त्याने हातही लावला नव्हता.

शेठनी शेवंताला निरोप धाडला, ती परत आली. महिन्याभरात मास्टर सोडून गेला. नवा माणूस पाव करपवायचा, तेव्हा त्या भट्टीसमोर धरलेल्या हाताची आठवण यायची. तेवढीच.

परवा शेवंता सांगत होती, तो आता डोंगरगडच्या एका बेकरीत आहे. मी एवढंच विचारलं, तिथं कामाला बाया आहेत का.

"हायेत ना," ती म्हणाली. "चार."