दावं त्याचं, मोटार आमची

आमचे मालक सारंगखेड्याच्या यात्रेला शिंगरू विकायला गेले आणि मोटार घेऊन आले. घेऊन आले म्हणजे चालवत नाही हो! भाड्याचे दोन बैल पुढं, मागं ती काळी मोटार, आणि मोटारीच्या शेजारून हे पायी चालत, हातात शिंगराचं रिकामं दावं. आमच्या ब्राह्मणपुरी गावातली निम्मी पोरं मागं ओरडत होती. मी दारात उभी होते. तिसरा महिना चालू होता मला, सकाळपासून पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं, आणि समोर हे असलं ध्यान.

"हाई काय लई ऊनात?" हे काय घेऊन आलात, असं मी विचारलं.

"मोटार शे."

"ते माले दिसी ऱ्हायनं. चालस का?"

"चाली," हे म्हणाले. "जराशी बिमार शे."

जराशी बिमार! जसं काही दोन दिवस काढा पाजला की उठून धावणार होती.

इथं आधीचं सांगायला हवं, नाहीतर या माणसाला वेड लागलं होतं असंच कुणालाही वाटेल. दोन वर्षांपूर्वी माझं पहिलं बाळ वाटेत गेलं. शहाद्याच्या दवाखान्यात न्यायला निघालो होतो, बैलगाडीतून. कासरा यांच्याच हातात होता. काळ्या मातीची वाट, पावसाळ्यात चिखलात रुतलेल्या चाकोऱ्या उन्हानं दगड झालेल्या, आणि गाडीला लोखंडी धावा. प्रत्येक चाकोरीत गाडी आदळे आणि मी आदळे. दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, धक्क्यांनी झालं, आणि पुढच्या खेपेला बाईला बैलगाडीत घालून आणू नका. हे कोपऱ्यात उभे राहून ऐकत होते. घरी आल्यावर त्यांनी बाळाचं नाव काढलं नाही. दोन वर्षांत एकदाही नाही. मी रडले तर हे उठून गोठ्यात जायचे आणि घोडीला खरारा करत बसायचे. अशा माणसाचं करायचं काय, सांगा.

आता पुन्हा दिवस गेले होते. ज्येष्ठात दिवस भरणार होते. शहाद्याला जाणं तर भागच होतं, पण जायचं कसं? सातपुड्यातली माणसं अडलेल्या बाईला झोळीत घालून खांद्यावरून नेतात, तसं न्यावं असं मी एकदा म्हटलं. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. "जितं माणूस चार जणासना खांदावर? मन्हा घरमां नही," म्हणाल्या. प्रवाशांची सर्व्हिस मोटार होती, पण ती मोठ्या रस्त्यानं, आणि लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून ती कधी यायची कधी नाही. तेव्हा यांनी मनाशी ठरवलं की घरची मोटार पाहिजे. ठरवलं तरी मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी यात्रेला जाऊच दिलं नसतं.

मोटार विकणारा घोड्यांचा व्यापारी होता. कुण्या जहागिरदाराकडून घोड्यांच्या पैशात ती त्याच्या गळ्यात पडली होती. घोडेवाल्यानं घोडेवाल्याला मोटार विकली, आता बोला! आमच्या यांचं घोड्याचं ज्ञान पंचक्रोशीत नावाजलेलं. अंगावरच्या केसांचा भोवरा बघून घोडीचा स्वभाव सांगायचे, दात बघून वय. त्याच ज्ञानावर मोटार पारखली. चाकं पायांसारखी दाबून पाहिली, अंगावरून हात फिरवला, गादी झटकून पाहिली, कातडं चांगलं आहे म्हणाले. पुढचं झाकण उघडून आत डोकावायचं काही सुचलं नाही. घोड्याचं पोट कुणी उघडून बघतं का?

आणि सगळ्यावर कडी म्हणजे ते हँडल.

आमच्याकडे रीत आहे, जनावर विकलं तरी त्याचं दावं विकणारा देत नाही. दावं गेलं तर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणायचं. आता मोटार सुरू करायचं लोखंडी हँडल असतं, पुढून घालून फिरवायचं. सौदा झाल्यावर त्या बाबानं ते हँडल काढलं, कपाळाला लावलं, फडक्यात गुंडाळलं आणि थैलीत टाकलं. "जनावर तुमनं, दावं मन्हं," म्हणाला. आणि आमच्या या शहाण्यानं हात जोडले! कारण यांनीही शिंगराचं दावं स्वतःकडे ठेवलं होतं ना. व्यवहार कसा चोख झाला!

"अहो, त्यानाबिगर ती सुरू कशी व्हई?" मी विचारलं.

हे माझ्याकडे असं बघायला लागले की मीच काहीतरी अडाण्यासारखं बोलले. "दावं कोणी देस का?" म्हणाले.

मी कपाळावर हात मारला आणि आत गेले.

दोन महिने त्या हँडलपायी गेले. लोहारानं मोडक्या गाडीच्या कण्यापासून एक बनवलं, ते बसेना. दुसरं बसलं, पण फिरेना. तिसरं फिरलं, तर हे फिरवून फिरवून घामाघूम झाले, खांदा धरला, पण मोटारीनं हूं की चूं केलं नाही. रोज सकाळी तोच तमाशा. अंगणात माणसं जमायची. कुणी म्हणे ढकला, कुणी म्हणे गरम पाणी ओता. यांनी तिला नारळ फोडला. सासूबाईंनी दृष्ट काढली. मी मात्र चुलीपुढं बसून बोटांवर महिने मोजत होते आणि माझं डोकं नुसतं तापत होतं.

शेवटी नंदुरबारहून मिस्त्री आणला. सुरतेला काम केलेला माणूस, बोलायचा अर्धं गुजराती. त्यानं झाकण उघडलं, पाच मिनिटं आत पाहिलं आणि हात पुसायलाच लागला. "ब्लॉक फाटी गयो छे," म्हणाला. इंजिनाच्या मुख्य लोखंडालाच तडा गेला होता. शिवाय ठिणगी पाडायचं यंत्र जळलेलं, आणखी चार वस्तू नव्या लागणार. सामान मुंबईहून यायचं, ते लढाईत मिळेल तर मिळेल. सगळं मिळालं तर किती लागतील ते त्यानं सांगितलं, तेव्हा यांनी गोठ्याकडे पाहिलं. तेवढे पैसे घरात एकाच वस्तूचे येणार होते. घोडीचे.

"घोडी इकी टाकसू," हे त्या रात्री जेवताना म्हणाले.

माझा घास हातातच राहिला. संताप असा आला की काय सांगू! घोडीवर माझं प्रेम होतं अशातला भाग नाही. माझ्या वाट्याचा सगळा लळा तीच खात होती. पण घोडी गेली, सामान आलं नाही, ज्येष्ठ उजाडला, तर? मग ना घोडी ना मोटार, आणि मी पुन्हा त्याच बैलगाडीत! मी तोंडावर सगळं बोलले. सामान कधी येईल ते लिहून आणा म्हटलं. पेट्रोल कोण देणार ते सांगा म्हटलं. चालवायला तुम्हाला येतं का, म्हटलं. हे खाली मान घालून जेवत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "बैलगाडीमां नही लई जाऊ तुले."

चैत्र लागला. घोडी बघायला गिऱ्हाइकं यायला लागली. मोटार अंगणात लिंबाखाली पडलेली. तिला टप होता, सावली असायची. मला घरात गुदमरायचं, म्हणून मी एका दुपारी रागारागानं जाऊन तिच्या मागच्या गादीवर बसले. निदान बसायला तरी उपयोग होऊ दे म्हटलं मेलीचा. तिच्या पुढच्या लोखंडाला कुणीतरी बैल बांधून ठेवला होता. बैलाला माशा चावल्या असाव्यात. त्यानं हिसका दिला आणि चालायला लागला, आणि त्याच्या मागोमाग मोटार! अंगणातल्या दोन दगडांवरून गेली, मोरीच्या खळग्यातून गेली आणि उकिरड्यापाशी थांबली. सासूबाई ओरडत धावत आल्या. मी आत तशीच बसलेली. पोटातलं पाणी हललं नव्हतं माझ्या.

मी मुद्दाम उतरून खाली वाकून पाहिलं. लोखंडी पाटे होते वाकडे, एकावर एक रचलेले. सगळा धक्का तेच गिळत होते.

संध्याकाळी हे शेतातून आले तशी मी दारातच अडवलं. "इंजन काढी टाका नि बैल जुपा."

"मोटारले बैल?"

"हां. मोटारले बैल."

यांचा चेहरा पडला. घोड्यांचा जाणकार माणूस, गावात मान, आणि मोटारीला बैल जुंपून तालुक्याला जायचं. "लोके हासतीन," म्हणाले.

"हासू द्या. कळा कोणले येनार शेतस, लोकेसले का माले?"

आठ दिवस हे मोटारीपाशी जाऊन उभे राहायचे, झाकणावर हात ठेवायचे, परत यायचे. मला तर वाटायला लागलं, बायकोपेक्षा या माणसाला त्या गंजक्या इंजिनाची माया जास्त. तेही मी बोलून दाखवलं. मग एका सकाळी ठणठण आवाज आला म्हणून बाहेर आले, तर हे आणि लोहार मिळून इंजिन दोरांनी ओढून काढत होते. इंजिन मातीत पडलं. यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घोडी बघायला आलेलं गिऱ्हाईक ओट्यावर बसलं होतं, त्याला चहा पाजून परत पाठवलं.

पुढं लोहारानं जू बांधायला दांडी बसवली. चाकांत हवा राहत नव्हती, त्यात यांनी घरचा कापूस ठासून भरला. सासूबाईंनी त्यांच्या दोन जुन्या गोधड्या फाडून दिल्या. दिवस भरायच्या पंधरा दिवस आधी शहाद्याला जाऊन राहायचं ठरलं, सोमवारी निघायचं. पण शनिवारी सकाळीच माझ्या पोटात कळ आली.

तासाभरात निघालो. आमचा सालदार गडी बैलांच्या पुढं पायी. हे पुढच्या गादीवर स्टेरिंग धरून. मागं मी, माझं डोकं सासूबाईंच्या मांडीवर. वेशीपाशी माणसं हसलीच. एकजण ओरडला, "पाटील, पेट्रोल भरं का कडबा?" यांनी मान वर केली नाही. नजर वाटेवर, प्रत्येक चाकोरी आली की दोन्ही हातांनी स्टेरिंग फिरवून चाक काढून घ्यायचे. मोठा दगड आला की सालदाराला थांबवायचे, खाली उतरायचे, दगड उचलून बाजूला ठेवायचे, पुन्हा बसायचे.

निम्म्या वाटेवर कळा जोरात यायला लागल्या आणि माझा धीर सुटला. ऊन चढलं होतं. आणि हे आपले मुंगीच्या पावलानं! सासूबाई म्हणाल्या, "हाक ना रे भो जराशी!" सालदारानं मागं वळून पाहिलं. हे म्हणाले, "हळू." पुढच्या कळेला मी किंचाळले, नाही नाही ते बोलले त्या माणसाला. दगडाचं काळीज आहे म्हटलं, एक मारलंत आता दुसरं मारा म्हटलं. खरंच म्हटलं असं, आज लपवून काय करू? "हाका ना ते बैल जोरमां!"

यांनी मागं वळून पाहिलं नाही.

"नही," म्हणाले. "तवय मीच हाकात जोरमां."

त्या खेपेला बैल मीच जोरात हाकले, हे वाक्य दोन वर्षं त्यांच्या पोटात होतं आणि मला वाटत होतं, या माणसाला काही लागतच नाही. मी पदराचा बोळा तोंडात धरला आणि उरलेली वाट ओरडले नाही. बैल त्यांच्या चालीनं चालत होते. पुढं दगड आला की मोटार थांबायची, हे उतरायचे, दगड उचलायचे, पुन्हा बसायचे. मी मोजत नव्हते, पण खूप दगड होते.

दवाखान्यात पोचल्यावर फार वेळ लागला नाही. मुलगी झाली. पायांकडून धरून डॉक्टरांनी तिला उलटं केलं आणि ती रडली. खणखणीत रडली. बाहेर अंगणात बैल जुंपलेली मोटार बघायला गर्दी जमली होती, हसण्याचे आवाज आत येत होते. हे त्या गर्दीतच कुठंतरी उभे असणार.

मुलीला माझ्या कुशीत दिलं. नर्सबाई म्हणाल्या, घ्या छातीशी, गप्प होईल.

"ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं. "रडू द्या तिले जराशी. बाहेर आयकू जाऊ द्या."