धोंड्याचं बोलावणं

माझी आणि माझ्या नवऱ्याची ओळख भांडणातून झाली. वाळूजच्या एका कारखान्यात तो टूलरूमला होता, मी क्वालिटीला. त्यानं केलेला जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला एक भाग, मी रिजेक्ट केला. तो तणतणत माझ्या टेबलापाशी आला. "साहेब, डोळे तपासून घ्या एकदा." मी म्हटलं, "माझे डोळे नंतर, आधी तुझा जॉब तपासू." मायक्रोमीटर लावून दाखवला, मापात बसत नव्हता. "बरं," एवढंच म्हणाला आणि उचलून घेऊन गेला. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये न विचारता शेजारी येऊन बसला. पुढं बजाजनगरात आम्ही खोली घेतली, तेव्हा घरमालक खूश झाला. पोरींच्या भानगडी नसलेले दोन भाडेकरू त्याला हवेच होते.

तो पिशोरचा. कन्नड तालुक्यातलं बाजाराचं मोठं गाव. घरी आई, थोरला भाऊ, वहिनी, आणि मक्याची शेती. वडील लहानपणीच गेलेले. आम्ही मित्र म्हणवत होतो त्या काळात मी पिशोरला किती वेळा गेलो असेन! त्याची आई मला बघितलं की म्हणायची, "आला का रं पोरा? बस, भाकर खा." ती दुष्काळाची वर्षं. गल्लीत टँकर यायचा आणि भोंगा वाजला की जो तो हंडा घेऊन पळायचा. मी शहरातला, कारकुनाच्या घरातला, पण धावायला चपळ. पाइप हातात धरून अख्ख्या गल्लीशी भांडून मी तिचे हंडे भरून आणायचो. बाया म्हणायच्या, "ह्यो औरंगाबादचा दोस्त लई कामाचा हाय." आणि ती पदर सावरत म्हणायची, "कुणीतरी चांगली पोरगी बघा रं ह्याला." हा माझ्याकडं बघून खोकायचा. मित्र होतो तोवर मला सात खून माफ होते.

पुढं चिकलठाण्याकडं आम्ही फ्लॅट घेतला. आधी तिथं ज्वारी होती, आता इमारती. जालना रोडकडून बघत गेलं की दर दिवाळीला एक नवी इमारत उभी. नळ होते, पाणी नव्हतं. महापालिकेचं पाणी म्हणजे पाहुणा, आला तर आला. सोसायटीनं टँकरचं काम माझ्या गळ्यात मारलं, कारण भांडायला मी बरा. त्यामुळं आमचं काय आहे ते सोसायटीला लपवून ठेवायला मला वेळच मिळाला नाही. रोज कुणी ना कुणी दारात, "टँकर कधी येणार?" दार उघडलं की आत एक बेड, एक कपाट, भिंतीवर दोघांचा फोटो. लोक काय आंधळे नसतात. काही जणांनी बोलणं सोडलं, टँकर आला की पुन्हा सुरू केलं. गणपतीत रोजची आरती एकेका जोडप्याकडं असायची. एका वर्षी शेजारच्या काकू म्हणाल्या, "उद्या तुम्हा दोघांची." मी विचारलं, "नक्की?" तर म्हणाल्या, "नाटकं नकोत, प्रसादाला काहीतरी बरं आणा." आम्ही पेढे आणले. झालं.

लग्नाचा कायदा नाही, तो आजही नाही. सरकारदरबारी आम्ही दोघं अविवाहित. कोर्टानं एवढंच सांगितलं होतं की आम्ही गुन्हेगार नाही. आम्ही म्हटलं, चला, गुन्हेगार नाही तर लग्न तरी करू. सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीखालच्या सावलीत केलं. माझी आई आली. आधी आठवडाभर रडली, मग आली, आणि आल्याबरोबर म्हणाली, "हार काय रे हे, शेवंती शिळी आहे." अंतरपाट तिनंच धरला. पिशोरहून कुणी आलं नाही.

यानं आईला तोंडानं सांगितलं होतं, आठ दिवस आधी जाऊन. ती तूर पाखडत होती. म्हणे सूप थांबलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाली, "त्याला आता इथं आणू नको." त्यानं ते मला कसंबसं सांगितलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसला. नळाला पाणी नव्हतं, म्हणून सगळं ऐकू आलं.

मग आमचं असं ठरलं. महिन्यातून एकदा मी गाडी घेऊन त्याला पिशोरला न्यायचो. तो घरी, मी रस्त्यावरच्या हॉटेलात चहा पीत. ज्या गल्लीत मी हंडे वाहिले, तिच्या तोंडाशी मी परक्यासारखा बसून राहायचो. तो परत यायचा तो फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन. ठेचा, कांदा आणि एका माणसाच्या मानानं भाकरी बऱ्याच जास्त. "कुणासाठी दिल्या?" मी विचारायचो. "काही बोलली नाही." वेरूळ येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघायचा. मी भाकरी खायचो, कारण भूक लागलेली असायची, पण राग जायचा नाही. मला त्या घरात नुसतं शिरायचं नव्हतं. जो आहे तो म्हणून शिरायचं होतं. आणि त्याला तर रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं. एकदा म्हणाला, "माय उद्या गेली ना, तर मी तिचा अर्धाच पोरगा राहिलो असं होईल रे."

अशात अधिक श्रावण आला. पावसानं पाठ फिरवलेली, मका गुडघ्याएवढा होऊन करपायला लागलेला, आणि वर हा दुष्काळात तेरावा महिना. आमच्याकडं याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला घरी बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, कपडे करायचे. लग्नानंतरचा पहिला धोंडा म्हणजे तर हटकून बोलावणं. कारखान्यात रोज कुणीतरी नवा शर्ट घालून यायचा. "सासुरवाडीचा," म्हणायचा. आम्ही दोघं मान खाली घालून डबा खायचो. लग्नानंतरचा आमचाही हा पहिलाच.

पंधरवडा गेला तसा माझा भडका उडाला. तोही आईसमोर, ती तेव्हा आमच्याकडंच राहायला आलेली. ती बाजारातून आलेली, पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच मी सुरू. "त्यांनी बोलावलं नाही ते नाही, निदान तू तरी! तुला तो जावई वाटत नाही का?"

आई पिशवीतून दोडके काढत शांतपणे म्हणाली, "वाटतो ना. पण आपण कसं बोलवायचं? आपण मुलाकडचे. बोलावणं त्यांच्याकडून यायला हवं. मी रोज वाट बघतेय. काय माणसं आहेत, एक फोन नाही!"

मी म्हटलं, "आई, अगं, तेही मुलाकडचेच आहेत."

तिचा हात दोडक्यावर थांबला. "अगं बाई! खरंच की."

दोन वरमाया! एक चिकलठाण्यात, एक पिशोरात, दोघीही फुगून बसलेल्या, दोघीही दुसरीच्या फोनची वाट बघत. मी हसायला लागलो ते थांबेचना. तीही हसली, मग डोळे पुसून म्हणाली, "चल, मी होते मुलीकडची. कमीपणा घेतला तर काय अंगाला भोकं पडणार आहेत?"

दुसऱ्या दिवशी तिनं पुरण घातलं. माझ्या नवऱ्याला पाटावर बसवलं. त्याचे पाय परातीत धुतले, टँकरच्या पाण्यानं, आणि ते पाणी फेकू दिलं नाही. बादलीत ओतून ठेवलं, संध्याकाळी त्याच पाण्यानं गॅलरी धुतली. शर्टपीस दिला, जाळीदार अनारसे दिले. तो पाटावर असा अवघडून बसला होता की मला फोटोही नीट काढता येईना. आई म्हणाली, "जावईबापू, लाजू नका, पोट भरून जेवा." आणि मग तिनं माझा फोन घेतला, पिशोरचा नंबर लावायला सांगितला.

आम्हाला एकीकडचंच ऐकू येत होतं. "नमस्कार विहीणबाई. मी बोलतेय, याची आई... हो हो. आज जावईबापूंना धोंडे घातले. तुम्हाला विचारल्याशिवाय घातले, राग मानू नका." मग "बरं," आणि फोन खाली. "काही बोलल्या नाहीत," आई म्हणाली. त्याचा चेहरा पडला. धोंडा तसाच अर्धा ताटात राहिला.

चौथ्या दिवशी त्याला फोन आला. त्यानं स्पीकरवर टाकला, एकट्यानं ऐकायची हिंमत नव्हती म्हणून.

"काय रं, आम्ही काय भिकंला लागलोत का? त्या बाईनं माझ्या पोराचे पाय धुतले, अन् तिच्या पोराला मी उपाशी ठिवू व्हय? लोक शेण घालतील तोंडात. रविवारी दोघं या."

"माय, तू तर म्हणली होती त्याला आणू नको."

"मग! बिनबोलावता जावई येतोय का कुठं? लगीन केलं म्हणता, अन् सोयरीक करायला तिकडचं एक माणूस आलं नाय माझ्या दारात. आता आला त्या बाईचा फोन." आणि ठेवून दिला.

खरं काय होतं ते तिचं तिलाच माहीत. आता असं म्हणते, पण तूर पाखडताना तिच्या मनात रीतच होती, दुसरं काही नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. तिनं दिलेलं कारण मी मुकाट्यानं घेतलं. चांगलं होतं.

रविवारी गेलो. हॉटेलपाशी गाडी आपोआप हळू झाली, तर हा म्हणाला, "चल की पुढं, थांबतोस कशाला?" ओसरीवर दोन पाट मांडलेले. ती दारात उभी होती, थकलेली दिसली. "या," म्हणाली. पूर्वी "आला का रं" म्हणायची. परात आणली, तांब्यानं पाणी घालून माझे पाय धुतले. तळव्यांना हात लावला तेव्हा मी पाय मागं घेतला, तर तिनं घोटा धरून पुन्हा परातीत ठेवला. परातीतलं पाणी वहिनीनं अंगणातल्या लिंबोणीला घातलं. शेजारच्या पाटावर त्याच्या आईनं त्याला बसवलं, दोघांना एकदमच ओवाळलं. धोंड्यावर तूप घालताना हात आखडला नाही. मला तूप जास्त झालं, तरी गप्प खाल्लं.

हात धुतले न धुतले तोच भोंगा वाजला. टँकर. घरात एकदम पळापळ. मी सवयीनं उठलो, कोपऱ्यातला हंडा उचलला आणि अंगणात आलो. गल्लीतल्या सगळ्या बाया तिथंच, घागरी घेऊन रांगेत, आणि मला ओळखून बघायला लागलेल्या.

मागून आवाज आला, पार टँकरच्या टपापर्यंत जाईल असा.

"ओ! ठिवा तो हंडा खाली. जावई पाणी भरतेत व्हय कुठं?"

पाइप सोडून सगळ्यांनी मान वळवली. एक म्हातारी म्हणाली, "कोण जावई गं, बाई?"

"हे काय उभे. दिसंना का तुला?" तिनं माझ्या हातातला हंडा काढून घेतला आणि पोराच्या हातात दिला. "तू काय बघतो? पळ. नंबर जाईल."

कुणी हसलं, कुणी कुजबुजलं असेल. मी ओसरीवर जाऊन बसलो. घळाघळा रडू आलं, आणि मी ते पुसलंही नाही. तिनं बघितलं, सुपारीचं ताट माझ्यापुढं सरकवलं आणि उंबऱ्यावर बसून टँकरकडं लक्ष ठेवत राहिली. त्या दिवशी घरातलं सगळं पाणी माझ्या नवऱ्यानं एकट्यानं भरलं, दर खेपेला माझ्याकडं खाऊ का गिळू असं बघत.