पिशव्यांपाशी बसलेली माणसं

“हा नंबर आजच्या आज ब्लॉक करा,” सर म्हणाले आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

सर म्हणजे माझे क्लायंट. ऑफिस नगरमध्ये आणि सायकली नेवाशात. पर्यटकांनी ॲपवरून सायकल भाड्याने घ्यायची, देऊळ बघायचं, प्रवरेच्या घाटावर जायचं आणि सायकल परत आणून लावायची. ते ॲप नव्याने डिझाइन करायचं काम माझ्याकडे होतं. कुठल्या स्क्रीनवर कुठलं बटण हवं, हे ठरवणं हा माझा धंदा. जुन्या ॲपमध्ये एका नंबरवरून कितीही सायकली निघायच्या. नव्यात मी मोठ्या हौसेने नियम घातला होता: एक मोबाईल, एक सायकल.

सरांनी दाखवलेल्या नंबरवरून नेवाशातल्या जवळपास सगळ्या सायकली निघत होत्या. तो नंबर मंगलबाईंचा, म्हणजे तिथला सायकल स्टँड सांभाळणाऱ्या बाईंचा. त्या ओळखीपाळखीच्यांना सायकली वाटतात, असा सरांना संशय होता. नवं ॲप आलं की बाईंना काढायचं, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. मला ते पटेना. चोरी करणारं माणूस स्वतःच्या नंबरवरून कशाला करेल? मी दोन दिवस मागून घेतले आणि नेवाशाची एसटी पकडली.

सायकल स्टँडजवळ एक जीप थांबली. आठ माणसं उतरली. त्यांच्यातल्या आजी लिंबाखाली बसल्या. त्यांच्याभोवती पिशव्या आल्या, चपला आल्या आणि नदीत उतरायचं म्हणून सगळ्यांचे मोबाईलही त्यांच्या मांडीवर आले. बाकीचे रिकाम्या हातांनी स्टँडवर आले. मंगलबाईंनी काही न विचारता स्वतःच्या मोबाईलवरून एकेक कुलूप उघडून दिलं.

मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, “मोबाईल आणा म्हनलं तर लोकं रिक्षात बसत्यात. सायकली उभ्या ऱ्हायल्या तर मला कोन ठेवील?”

मला माझीच लाज वाटली. मी श्रीरामपूरची. हरेगावच्या यात्रेत आम्ही सगळे हुंदडायचो आणि आई पिशव्यांपाशी बसायची, दरवर्षी. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेली मी, आणि माझ्या स्क्रीनवरचा पर्यटक मात्र एकटा, हातात फोन घेऊन उभा होता.

सरांना फोनवर सांगितलं तर ते हसले. म्हणाले, आजकाल मोबाईल कोणी हातातून सोडत नाही. मी हट्टाला पेटले. नंबर ब्लॉक करायच्या आधी घरच्यांना घेऊन एकदा या, एवढंच मागितलं.

रविवारी सर सहकुटुंब आले. त्यांचे वडील बाकावर टेकले. सरांनी पिशवी, गॉगल आणि मोबाईल त्यांच्याकडे दिला आणि मुलींना घेऊन स्टँडवर आले. नवं ॲप कसं चालतं ते दाखवायला खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मंगलबाईंचा हात सवयीने स्वतःच्या मोबाईलकडे गेला. मी त्यांना खुणेनेच थांबवलं.

सरांनी वळून बाकावरच्या वडिलांकडे पाहिलं. मग म्हणाले, “नंबर राहू द्या. बाईंनाही राहू द्या. तुमचा नियम काढा.”

नियम मी काढला. आता एका मोबाईलवरून घरातल्या सगळ्यांच्या सायकली निघतात. प्रत्येक सायकलीला चार आकडे मिळतात, ते कुलपावरच्या बटणांवर दाबायचे. कोण परत आलं, कोण अजून बाहेर आहे, ते पिशव्यांपाशी बसलेल्या माणसाला मोठ्या अक्षरांत दिसतं. मंगलबाई स्टँडवरच आहेत आणि नवख्यांना हे सगळं माझ्यापेक्षा सोपं करून सांगतात. हल्ली कुठलंही काम घेतलं की मी आधी विचारते, फोन नक्की कोणाकडे असतो?

आईला हे सगळं मोठ्या अभिमानाने सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि त्या आजीनं सायकल कधी चालवायची?”

त्याची स्क्रीन माझ्याकडे अजून नाही.