व्हिएन्नाच्या मनोऱ्यात दिनकरचा आवाज

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून जाणारा माणूस. आजही विश्वास नाही. पण राग आहे... म्हणून लिहितोय.

१९९९ साल. अबुधाबीत, मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागात एका मराठी कॉन्ट्रॅक्टरकडे, आमच्या शेठकडे, मी ड्राफ्ट्समन होतो. माझा मामेभाऊ दिनकर तिथंच स्कॅफोल्डिंगवर, म्हणजे परांची बांधायला. हिवाळ्यात तो साइटवर उंचावरून पडला आणि जागीच गेला. शेठ सांगत सुटले — सेफ्टी बेल्ट दिला होता, यानंच घातला नाही. साताऱ्याला मामीलाही फोनवर हेच ऐकवलं. पोटचा पोर गेलेल्या बाईला!

मे महिन्यात मशिनरीच्या प्रदर्शनासाठी शेठनी मला व्हिएन्नाला नेलं. नोकरी गेली की व्हिसा गेला, म्हणून दातओठ खात गेलो. एक दुपार मोकळी मिळाली. राजवाडा, ऑपेरा... प्रत्येक इमारतीपुढे शेठ फोटो काढायला लावायचे आणि म्हणायचे, याला काम म्हणतात, आपली माणसं कामचुकार. कॉलर धरावीशी वाटत होती.

मग मोठ्या कॅथेड्रलचा मनोरा चढायला लागलो. गोल दगडी जिना, एका वेळी एकच माणूस मावेल एवढा अरुंद. पुढे शेठ, मागे मी, माझ्यामागे एक वयस्कर गोरी बाई. शेठ दम खायला थांबले. तेवढ्यात माझ्या खांद्यामागून आवाज आला —

"शेठ, बेल्ट द्या की. वर वारं लई हाय."

दिनकरचाच. तोच हेल. मी वळलो. मागे फक्त ती बाई.

शेठ न वळताच वैतागून म्हणाले, "अरे, आज नाहीयेत. उद्या येतील म्हणालो ना तुला."

आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं. चेहरा पांढरा पडला.

"कुणाला म्हणालात?" मी विचारलं.

"यल्ला, खाली चल." घाईत त्यांच्या तोंडी अरबीच यायची.

बाईंनी अंग चोरून वाट दिली आणि मला इंग्रजीत विचारलं, आत्ता बोलला तो माणूस कुठे गेला?

संध्याकाळी हॉटेलात मी शेठना म्हणालो, मामीला फोन करून खरं सांगा. ते म्हणाले, तुला भास झाला, खलास. परतल्यावर मी राजीनामा दिला आणि थेट साताऱ्याला गेलो. मामीला म्हणालो, दिनकरनं बेल्ट मागितला होता, शेठनीच दिला नाही. तिनं आधी मला पाणी दिलं. मग म्हणाली, "मागितला असणारच. उंचीला भ्यायचा तो."

जिन्यात आवाज घुमतो, मान्य. पण मराठीत? आणि शेठनी उत्तर कुणाला दिलं? मला अजून सांगता येत नाही. त्यांना पुन्हा विचारायला हवं होतं, पण ते माझा फोनच घ्यायचे नाहीत.