ढोलाच्या दोरीला बांधलेलं लिंबू

माझ्या मामाचा नाशकात ढोलांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक शेड, दोन कारागीर आणि मामीचा आवाज. त्याला पहिल्यांदाच परदेशातून मागणी आली. ऑस्ट्रेलियातल्या एका मराठी मंडळाला गणपतीसाठी नमुन्याचा एक ढोल हवा होता. आवडला तर अख्ख्या पथकाचे ढोल मामाकडूनच घेणार. तो ढोल तिकडच्या विमानतळावर अडकला. निरोप एवढाच: तपासणीसाठी रोखला आहे, खुलासा पाठवा, नाहीतर नष्ट करू.

नष्ट! मी प्लास्टिकपासून खड्ड्यांपर्यंत सगळ्यावर पत्रकं काढलेली मुलगी, गप्प कशी बसणार? संध्याकाळपर्यंत 'नाशिक ढोलाच्या अडवणुकीचा जाहीर निषेध' असं पत्रक छापून आणलं. त्यांना आपला आवाज सोसत नाही, असं ठाम लिहिलं. रविवार कारंजापासून पंचवटीपर्यंत खांबाखांबावर खळ लावून चिकटवलं.

"अगं, आधी कारण तर कळू दे," मामा म्हणाला.

"कारण उघड आहे. तू फार भोळा आहेस, मामा."

दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियातल्या मंडळाच्या एका काकांनी फोटो पाठवला. खोकं उघडलेलं, ढोलाच्या दोरीला झेंडूचा हार आणि खाली लिंबू-मिरची. लिंबाला बुरशी. त्या देशात साधं फळही न सांगता नेता येत नाही, आणि आमच्या कागदावर लिहिलं होतं: फक्त ढोल.

मामीने माझ्याकडे पाहिलं. "मी कुंकू लाव म्हणाले होते. भाजीबाजार बांध, असं नव्हते म्हणाले."

"नव्या ढोलाला दृष्ट लागते," मी पुटपुटले.

"लागलीच की, सरकारची," मामा म्हणाला. "आता खुलासा तूच लिही. आणि त्यात कुणाचा निषेध करू नकोस."

पहिल्या खर्ड्यात 'अन्यथा तीव्र आंदोलन' आपोआप आलं. दुसऱ्यातही. तिसऱ्यात लिहिलं: लिंबू मी बांधलं, चूक माझी, ढोल निर्दोष आहे.

मग पत्रकं खरवडायला निघाले. खळ मीच शिजवलेली, सुटता सुटेना. कारंजावरचा चहावाला बघत होता.

"ताई, ढोल सुटला का?"

"नाही अजून."

"मग निषेध का सोडला?"

मी एक चहा मागितला.

ढोल गणपतीच्या आदल्या दिवशी सुटला. व्हिडिओ आला, जोरात वाजत होता. दोरीला मंडळाने आठवणीने लिंबू-मिरची बांधली होती. प्लास्टिकची.

"काढतेस का पत्रक?" मामीने विचारलं.

नाही काढलं. पथकाच्या ढोलांची मागणी मामाकडेच आली, आणि ते ढोल खोक्यांत भरायच्या दिवशी मामीने मला शेडच्या बाहेर, खुर्ची टाकून, तिच्या नजरेसमोर बसवलं.